गोंदणाखालची नाडी

बानूबाईच्या नवऱ्याचं नाव सिदू. हे आपण खुशाल सांगू शकतो, बानूबाईला मात्र सांगता येत नाही. रेशनच्या दुकानात, बँकेत, मतदानाच्या रांगेत कुणी "मालकाचं नाव काय, आजी?" असं विचारलं की ती डावा हात पुढं करते. मनगटावर हिरवी अक्षरं गोंदलेली आहेत, ज्याला गरज असेल त्यानं वाचून घ्यावीत. लग्नाच्या वर्षी तेरच्या जत्रेत तिनं ती गोंदवून घेतली, तेव्हा आईनं शेजारी बसून बजावलं होतं, "तोंडानं घ्यायचं न्हाय म्हनून हातावर घ्यायचं. तोंडानं घेतलंस की त्याचं आयुष्य घटतंय, ध्यानात ठेव." बानूबाईनं ते असं ध्यानात ठेवलं की विचारू नका. सासऱ्याचं नाव माणिकप्पा, तर तेही तोंडात येऊ द्यायचं नाही. आता गावात किराणा दुकान आहे ते नेमकं एका माणिकचंच. त्याला ती बिनदिक्कत "सासऱ्याचं दुकान" म्हणायची, आणि तिच्या निम्म्या वयाचा तो दुकानदार मुकाट ओ द्यायचा.

अशा या बाईच्या हातावर यंदा सोयाबीन निघून रानं मोकळी झाल्यावर मंजुषानं एक पट्टा बांधला.

मंजुषा म्हणजे उपकेंद्रावरची सिस्टर. तेरजवळच्या बानूबाईच्याच गावातली, तिच्या शेजारच्या घरातली पोरगी. लहानपणी बानूबाईच्या चुलीपुढं बसून दूध-भाकरी खाल्लेली. सोलापूरच्या एका दवाखान्यानं खेड्यापाड्यांतल्या चक्कर येणाऱ्या, बीपीच्या माणसांसाठी हे पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्याबरोबर एक मोबाइल, दिले होते, आणि बानूबाईला दोन वर्षांपासून चक्कर यायची. मेंढरांमागं फिरणं सुटून ती घरीच असायची. दिसायला पट्टा घड्याळासारखा, पण खालच्या बाजूला हिरवा उजेड. तो उजेड कातडीत शिरतो, आत रक्त कसं चढतं-उतरतं ते बघतो, मोबाइलमधून सोलापूरला कळवतो आणि तिथं डॉक्टर हर्षाली मॅडम ते तपासतात, असं मंजुषानं समजावून सांगितलं.

"म्हंजे ती बाई सोलापुरात बसून माजी नाडी बघनार?" बानूबाईनं विचारलं.

"व्हय. आणि हा पट्टा नुसते ठोके मोजत नाही मावशी. एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत किती वेळ गेला, ते मोजतो. ते अंतर थोडं कमीजास्त व्हायलाच पाहिजे. पण अगदीच वेडंवाकडं व्हायला लागलं तर काळजात बिघाड समजायचा."

"कळपावानीच की. मेंढरं चालताना थोडी मागंपुढं हुत्यातच. पन चारी वाटांनी पांगली की समजावं, लांडगा आलाय."

"बरोब्बर!" मंजुषा हसली. "एवढं सोपं मलाही कुणी सांगितलं नव्हतं."

समजलं सगळं, पण पट्टा काही चालेना. घातला की मोबाइल टुंई करायचा, "पट्टा नीट घाला." सैल केला, आवळला, हात धुऊन घातला, तरी तेच. डाव्या मनगटावर नवऱ्याचं नाव, उजव्या मनगटावर तुळस, तिथून कोपरापर्यंत मोर आणि ठिपके. जागाच रिकामी नाही. गोंदणाच्या शाईत हिरवा उजेड अडतो, हे मंजुषाला शेवटी मोबाइलवर वाचून कळलं. दंडावर घालावा तर पट्टा पुरेना. "सोलापूरहून लांब पट्टा मागवते," ती म्हणाली. तो येईपर्यंत थांबायचं ठरलं.

पण सोलापूरचं ऑफिस थांबायला तयार नव्हतं. एके दिवशी मंजुषा बानूबाईच्या ओट्यावर बसलेली असतानाच तिथल्या कुणाचा तरी फोन आला. आवाज एवढा मोठा की बानूबाईला आत चुलीपाशी ऐकू गेला. बाई पट्टा घालत नाहीत की तुम्ही लक्ष देत नाही, बाकीच्या गावांचं येतं मग तुमच्याच गावाला काय धाड भरली, असं बरंच काही. मंजुषा नुसती "हो सर, बघते सर" म्हणत राहिली. फोन ठेवून तिनं डोळे पुसले आणि काही झालंच नाही असं दाखवून चहा पिऊन गेली. बानूबाईच्या जिवाला ते लई लागलं. आपल्यापायी पोरगी बोलणी खाते, आणि कशापायी, तर आपल्या हातावरच्या रंगापायी!

आणि मग तिनं जे केलं ते सरळ मनानं केलं, हे आधीच सांगून ठेवतो.

तेव्हा सिदूची मेंढरं ओढ्यापलीकडं रणधीर पाटलाच्या रानात खतासाठी बसवलेली होती. सिदू आणि पोरगा भागवत मुक्कामाला तिथंच. बानूबाई रोज भाकरी घेऊन जायची. दुसऱ्या दिवशी तिनं भाकरीबरोबर मोबाइल आणि पट्टाही नेला आणि पट्टा सिदूच्या हाताला बांधला.

"ह्ये काय?" सिदू म्हणाला.

"घड्याळ हाय. घाला गुमान. मोबाइल हितंच ऱ्हाऊ द्या, भागवत चार्जिंग करंल. तिकडं मंजीला बोलणी बसायलीत."

"अगं, पन नाडी तुजी बघायचीया ना?"

"एका चुलीवरची भाकर खातो, एका कळपामागं जल्म गेला. तुमची नाडी येगळी आन् माजी येगळी आसंल व्हय?"

सिदूला घड्याळ आवडलं होतं. त्यामुळं त्यानं जास्त हुज्जत घातली नाही.

सिदूच्या हातावर कसलं आलंय गोंदण! हिरवा उजेड पहिल्या झटक्यात लागला. तिकडं सोलापूर खूश, इकडं मंजुषा खूश. "मावशी, आता कसं झकास यायलंय! काय केलं?" असं तिनं विचारलं तर बानूबाई म्हणाली, "काय न्हाय, नीट घातला." एवढंसं खोटं, तेही पोरीच्या भल्यासाठी. पुढं मेंढरं सालाबादप्रमाणं सोनारीकडं निघाली. भैरोबाच्या पायाशी एक मुक्काम केल्याशिवाय सिदूचं वर्ष पुरं होत नाही. जाताना त्यानं पट्टा आणि मोबाइल परत दिला आणि बानूबाईनं तो देवळीत ठेवून दिला.

मेंढरं जाऊन आठवडाही झाला नसेल, तोच मंजुषा धापा टाकत आली. तिचा चेहरा उतरलेला होता. "मावशी, घाबरू नका, पण उद्या धाराशिवला जायचंय. सोलापूरहून मॅडमचा फोन होता. तुमच्या काळजाचे ठोके बिघडलेत."

"पांगलेत?"

"पार पांगलेत. असं राहिलं तर काळजात रक्ताची गाठ धरते. ती गाठ डोक्यात गेली की अंगावरून वारं जातं. हात-पाय, वाचा, सगळं एका क्षणात जाऊ शकतं. कधी माणूसच जातं. पण औषध आहे मावशी, वेळेवर गेलं तर औषध आहे."

बानूबाई घाबरली, खोटं कशाला बोला. पट्टा आपल्या नावचा, तर बिघाडही आपलाच, एवढंच तिच्या डोक्यात आलं. चक्कर येतीच आहे, त्यात हे. देवळीतल्या देवापुढं दिवा लावला, पट्टा आणि मोबाइल मंजुषाच्या पिशवीत टाकला आणि सकाळच्या गाडीनं ती मंजुषाबरोबर धाराशिवच्या दवाखान्यात गेली. खिडकीवरच्या पोरानं नवऱ्याचं नाव विचारलं, तिनं हात पुढं केला, त्यानं वाचून लिहून घेतलं. मग आत छातीला आणि हातापायांना वायरी लावून काळजाच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढली. तिथल्या डॉक्टरांनी पट्टी उलटसुलट बघितली आणि हसून म्हणाले, "आजी, काळीज एकदम ठणठणीत आहे तुमचं. बीपीची गोळी तेवढी चुकवू नका."

मंजुषानं तिथूनच सोलापूरला फोन लावला. हर्षाली मॅडम म्हणाल्या, "सुटलो बाई. म्हणजे गोंदणामुळंच उजेडानं घोळ घातला. त्यांची आतापर्यंतची सगळी नोंद मी बाद करते. त्यांना घरी ने, आराम करू दे."

झालं! मंजुषाचा हर्ष मनात मावेना. स्टँडासमोरच्या हॉटेलात तिनं भजी मागवली, चहा मागवला. "मशीनच खोटं निघालं मावशी, बघा!" ती म्हणाली.

बानूबाईनं कप उचलला आणि तो तसाच हातात राहिला. मशीन खोटं कसं निघालं? गोंदण तिच्या हातावर होतं. पट्टा ज्या हातावर होता तो हात तर कोरा होता. मग तिला सिदू दिसायला लागला. यंदा ओढ्याचा चढ चढला की बांधावर टेकायचा. "जरा तंबाखू मळतो," म्हणायचा, आणि तंबाखू मळायच्या ऐवजी हात छातीवर ठेवून नुसता बसायचा. ती म्हणायची, वय झालं. तोही म्हणायचा, वय झालं.

"मंजे," ती म्हणाली, "त्यो पट्टा माज्या हातावर नव्हताच. त्यांच्या हातावर हुता."

मंजुषाला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की भजी तळणारा वळून बघायला लागला. "मावशी! काय केलं हो हे तुम्ही? मला एका शब्दानं बोलला नाहीत? सिदूमामांच्या काळजात... आणि मामा तिकडं उन्हात मेंढरं हाकायलेत!"

"चुकले मी. माजं चुकलं, पुरतं चुकलं. शिव्या दे, मार मला. पन आदी काय करायचं त्ये सांग."

आधी भागवतला फोन लावला. भागवतनं बापाकडं दिला. बानूबाईनं झालेलं सगळं सांगितलं, तर पलीकडून सिदूचं हसणंच ऐकू आलं. "तुजं काळीज चांगलं निघालं ना? मग झालं की. मला काय धाड भरलीया? ठेव फोन, मेंढरू हरभऱ्यात शिरायलंय." आणि फोन बंद.

मंजुषा म्हणाली, "उद्या सकाळी कुणाची तरी गाडी बघू, मावशी. तुम्ही आज दमलात, त्यात चक्कर..."

"उद्या?" बानूबाई उठली सुद्धा. "उद्याच्या आत त्या मानसाच्या अंगावरून वारं गेलं तर मला त्वांड दाखवाय जागा ऱ्हाईल का? परंड्याची गाडी कुटं लागती?"

परंड्याच्या गाडीत तिला दोनदा गरगरलं. तिनं डोकं खिडकीला टेकवलं, कांद्याची फोड नाकाशी धरली आणि "मी बरी हाय, तू समोर बघ," असं मंजुषाला दटावलं. परंड्याहून काळीपिवळी मिळाली. सोनारीच्या अलीकडं व्यंकट नावाच्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरं दिसली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. बांधावर घोंगडं टाकून सिदू बसला होता. छातीवर हात होता. बायकोला बघताच त्यानं तो काढला.

"आँ! तू कशी काय हितं?"

"तुमाला न्यायला आले. उठा."

सिदू उठला नाही. त्याचं म्हणणं सोपं होतं, आणि वैताग असा की त्यात काही चूकही नव्हतं. डॉक्टरीणच म्हणाली ना पट्टा खोटा? मग खोट्या पट्ट्यापायी कळप सोडून पळायचं? मंजुषानं पिशवीतून पट्टा काढून त्याच्या हाताला बांधला आणि मोबाइलवरची रेघ दाखवली. एक ठोका इथं, दुसरा तिथं, मधेच दोन एकमेकांना चिकटलेले, मग नुसतंच रिकामं. "मामा, बघा हे," ती काकुळतीला आली. सिदूनं मान फिरवली. "सकाळी त्योच पट्टा खोटा हुता. दुपारपातुर खरा कसा झाला?"

"मेंढरं म्या राखीन," बानूबाई म्हणाली.

"तू? दोन सालं घराबाहीर न्हाय. चक्कर येतीया तुला."

"आली तर खाली बसंन. तुमच्यावानी तंबाखूचं निमित्त करून लपवनार न्हाय."

पण धनगराचा हट्ट तो. "तुजी सोलापूरची बाई सांगू दे," तो शेवटी म्हणाला. "ती म्हनली का ही नाडी सिदूचीच हाय आन् खरी हाय, तर म्या हलीन. न्हाय तर आमी हितंच बरे."

मंजुषानं लगेच फोन लावला, आवाज मोठा केला आणि मोबाइल घोंगड्यावर ठेवला. घडलेलं सगळं सांगितलं. हर्षाली मॅडमनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंजुषा, सकाळी मी ती नोंद बाद केली. आता तू म्हणतेस ती दुसऱ्याच माणसाची आहे. ते खरं असेल तर त्या माणसाला आत्ता, ताबडतोब हलवायला पाहिजे. मी धाराशिवला आणि एकशेआठला स्वतः फोन करते. पण तुझ्या सांगण्यावर नाही करता येणार. नोंद ज्यांच्या नावावर आहे त्या बाईंनी स्वतःच्या तोंडानं सांगायला पाहिजे, पट्टा कुणाच्या हातावर होता. पूर्ण नाव. फोन रेकॉर्ड होतोय."

"मॅडम, त्या नाव घेत नाहीत. त्यांच्या हातावर गोंदलेलं आहे, मी वाचून सांगते की..."

"तू नको. त्याच सांगू देत."

बानूबाईनं सवयीनं डावा हात मोबाइलपुढं केलाच होता. तो तिनं बघितला आणि मागं घेतला. सोलापुरातून नाडी दिसते, हातावरचं नाव दिसत नाही. आता काय करायचं?

लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पोरं झाली, नातवंडं झाली, भांडणं झाली, एकदा तर ती रागानं माहेरी जाऊन बसली होती. तेव्हाही नाव तोंडात आलं नव्हतं. आईचा आवाज कानात होता, आयुष्य घटतंय. हसणाऱ्यानं खुशाल हसावं, तिच्यासाठी ते सूर्य उगवतो इतकं खरं होतं. ज्याचं आयुष्य वाचवायला ती इथवर आली, त्याचंच स्वतःच्या जिभेनं कमी करायचं.

"आजी, आहात का?" मोबाइलमधून आवाज आला.

"सिदू..." बानूबाई म्हणाली, पण ते तिचं तिलाच ऐकू आलं.

"ऐकू आलं नाही, आजी."

बानूबाईनं पदर खोचला. लांबच्या मेंढराला हाक घालायची तशी छाती भरून घेतली. "सिदू! सिदू माणिकप्पा बंडगर! त्यो माजा मालक हाय, पट्टा म्या माज्या हातानं त्याच्या हातावर बांधला, आन् ती पांगलेली नाडी त्याचीच हाय! आलं ऐकू?"

रानात सगळ्यांना ऐकू आलं. पलीकडच्या बांधावर भागवत काठी टेकून उभा होता, तो आ वासून आईकडं बघत राहिला. "आलं, आजी," हर्षाली मॅडम म्हणाल्या. "गाडी पाठवते. त्यांना चालवू नका."

सिदू बसल्या जागी थिजला होता. चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. "तू माजं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"बापाचं बी?"

"त्यांचं बी."

"आयुष्य घटतंय म्हनतीस ना?"

"घटलं आसंल एखाद्या दिसानं," बानूबाई म्हणाली, आणि आता तिला रडू आवरेना. "पन हितं बसून ऱ्हायलासा तर समदंच जाईल वो. त्यो एक दिस माज्या आयुष्यातला घ्या. पन उठा."

सिदू तिच्याकडं बघत राहिला. एवढ्या वर्षांत तिनं त्याच्यापाशी काही मागितलेलं त्याला आठवत नसावं. मग त्यानं हातातली काठी तिच्यापुढं धरली. "ती बांडी शेळी वड्याकडं पळतीया, तिच्यावर नजर ठेव," तो म्हणाला आणि भागवतच्या खांद्याचा आधार घेऊन रस्त्याकडच्या झाडाखाली जाऊन बसला. गाडी येईपर्यंत त्यानं तंबाखूची चंची काढली नाही.

मंजुषा त्याच्याबरोबर गेली. बानूबाई काठी घेऊन रानात राहिली. तिला एकदा गरगरलं, तेव्हा कबूल केल्याप्रमाणं ती खाली बसली आणि मग उठली. मेंढरं गोळा होऊन चांगली रात्र झाली तेव्हा भागवतचा फोन वाजला. मंजुषा होती. "मावशी, पट्टीत तेच आलं. रेघ न् रेघ तीच. रक्त पातळ करायचं औषध सुरू झालंय. डॉक्टर म्हणाले, गाठ धरायच्या आत आणलंत. आता मामांशी बोला, मघापासून फोन मागायलेत."

बानूबाईनं भैरोबाच्या दिशेला हात जोडले. मग फोन कानाला लावला.

"बांडी शेळी आली का?" सिदूनं विचारलं.

"आली. गोळी घेतली का?"

"घेतली. सुई बी टोचली." मग हळूच म्हणाला, "एक सांगू का? तुज्या तोंडून लई ग्वाड वाटलं बघ. घे की अजून एकदा."

बानूबाईनं पदरानं डोळे पुसले. भागवत ऐकत तर नाही ना, म्हणून मागं वळून बघितलं.

"एकदा घेतलं त्येवढं पुरं," ती म्हणाली. "पुन्यांदा घ्यायची पाळी आनू नका. आन् मंजीला म्हनावं, माज्या दंडाला पुरंल आसा पट्टा आन. हितनं पुढं माजी नाडी मीच देनार."

आणि फोन भागवतच्या हातात देऊन ती बांड्या शेळीला दावं बांधायला गेली.